फक्की

जिंतूरच्या कोर्टात पुकारा झाला
तवा मी लिंबाखाली तंबाखू मळत व्हतो.
धुराजी सटवाजी ढगे, हाजिर हो!
तिसऱ्या हाकेला कळलं, ते मीच.
शाळेत मी मामा, मैदानावर फक्कीवाला,
पुऱ्या नावानं आजवर फक्त मतदार यादीनं वळखलं.

धंदा? शिपाई, जिल्हा परिषद प्रशाला.
आन् मैदानं आखतो साहेब, चाळीस वर्षं.
टायपिस्टानं तेवढं घेतलं नाही.

समोरच्या बाकावर वैजनाथ खिल्लारे.
खाकी घालायची म्हणून पहाटे पळायचा ज्या बुटांवर
त्याच बुटांवर बसलेला, नाड्या सोडून.
मी वर पाहिलं की तो खाली पाहायचा.

सांगा, काय पाहिलं?

शेवटची चढाई. एक गुण मागं.
गडी आत गेला, दोघं मारले, वळला,
घोटा धरला गेला, पालथा पडला.
मधली रेघ राहिली एक वीत.
हात पुढंच व्हता. दम बी व्हता, मी त्याचा दम जाणतो.
आन् त्यानं मूठ मिटली.

बोराळकर वकील उठले, गाऊन सावरला.
मूठ मिटणं कोणत्या कलमात बसतं?
सरकारी वकील म्हणले, फसवणूक, सात वर्षांपर्यंत.
ते म्हणले, फसला कोण ते दाखवा,
माल कोणता गेला, पावती कुठंय?
पुस्तकं उघडली, पुस्तकं मिटली.
आमच्या खेळाचं नाव त्यात कुठं निघंना.

सट्टा घेणारे तिघं जुगाराच्या कलमात
दंड भरून सांजच्या यष्टीनं बसमतला गेले,
जाताना कँटीनवाल्याला वर दहा रुपये सोडून.
वैजनाथला अकरा हजार भेटले व्हते. त्यातले सात
बहिणीच्या डिपॉझिटला, दवाखान्यात. हे बी कोणी लिहून घेतलं नाही,
आन् लिहून बी काय, घेतले ते घेतले.
संघटनेचं पत्र आलं, आजन्म बंदी.
खेळाडू कोट्यातलं प्रमाणपत्र रद्द,
भरतीच्या यादीत नावावर रेघ.
पाहिली मी ती. लई सरळ.
दोरी न लावता मला तशी कधी जमली नाही.

फसला कोण?
मला इचारलं असतं तर सांगितलं असतं:
सहावी ब ची पोरं.
मधल्या सुट्टीत कबड्डी खेळतात,
पडली की रेघेजवळ मूठ मिटून हसतात.
त्यांना वाटतं, डावच आहे तो.

उलटतपासणी संपली. अंगठा नको, सही येते म्हणलं.
सही करताना हात थरथरला,
न्यायाधीशबाई म्हणल्या, घाबरू नका, तुम्ही साक्षीदार आहात.

फायनलच्या आदल्या रात्री
सचिवाचा माणूस आला व्हता मैदानावर.
मामा, मधली रेघ बारीक ओढा, फक्की म्हाग झाली.
खिशात पाचशेची नोट सारली, चहापाण्याला.
मी बारीक ओढली. नियमात बसंल इतकी.
जाड असती तरी वीतभर हाताला ती पुरली नसती,
हे मी रोज मोजून पाहतो, बोटांनी, चटईवर,
आन् रोज तेवढंच उरतं.
फक्कीच्या डब्यात, तळाला, नोट तशीच आहे,
पांढरी पडली.
कोणी इचारलं नाही. मी बी बोललो नाही.

निकाल पुढच्या महिन्यात.
सोमवारपासून तालुक्याचे सामने.
काळ्या मातीवर पाणी मारलं, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली,
डबा कलता केला, अन् मधल्या रेघेवर
हात थांबला.
नियम सांगतो तीन ते पाच सेंटिमीटर.
तिनाच्या आन् पाचाच्या मधी
कोणतंच कलम नाही.
तिथं मी उकिडवा बसलोय, सूर्य कलायला लागलाय,
अन् सहावी ब ची पोरं कुंपणावरून ओरडतात,
मामा, आवरा की लवकर.